डब्यातल्या बाई

"यंत्र कुणीही बनवेल हो! ते कुणासाठी बनवायचं हे कळायला डोकं लागतं!"

ऑफिसच्या बैठकीत मोजपट्टीने हे असं काही ठणकावून सांगितलं की साहेबांचा बिस्किट धरलेला हात कपावरच अडकला आणि बिस्किट विरघळून चहात पडलं. दुसरं कुणी असतं तर याला अपशकुन म्हणालं असतं. पण मोजपट्टी पडली विज्ञानाची पदवीधर. तिने फक्त बिस्किट किती वेळात विरघळलं तेवढं मनात टिपलं.

मोजपट्टी हे नाव घरच्यांनी ठेवलेलं. लहानपणी भावाच्या वाट्याचा केक मोठा आहे म्हणून ती नुसती रडत बसत नसे. आधी मोजून सिद्ध करायची आणि मग रडायची! मोठेपणी रडणं सुटलं, मोजणं राहिलं. नोकरी लागली ती शाळकरी मुलांसाठी शिकवण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका संस्थेत. आणि काम मिळालं ते विणकरांच्या गल्लीचं.

या गल्लीत संस्था आधीच एकदा तोंडावर आपटली होती. बोटांनी चालवायच्या चकचकीत पडद्यांच्या पाट्या घरोघर वाटल्या होत्या. पण गल्लीत प्रत्येक घरात यंत्रमाग. हवेत सुताची उडती लव. पडदे आठवड्यात म्हाताऱ्याच्या भुवयांसारखे पांढरे झाले. शिवाय मुलं दुपारी शाळा बुडवून घरी कांड्या भरत, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळत. दोन्ही हात त्यात, दोन्ही डोळे त्यात. पाटीला बोट लावणार कोण? गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रंगाऱ्याने तेवढा पाटीचा उपयोग केला. तिच्या उजेडात तो सुताची छटा पारखू लागला आणि इतका चांगला दिवा दिल्याबद्दल त्याने संस्थेचे आभार मानले.

मोजपट्टी मात्र गल्लीत जाऊन बसली. पाहिलं, ऐकलं, मोजलं. हात कामात, डोळे कामात. मोकळे राहिले कान! मग पडदा हवाच कशाला? बोलणारा डबा करू. तो प्रश्न विचारील, पोर कांड्या भरता भरता उत्तर देईल. मागांची खडखड फार आहे? मग डब्यालाच कान देऊ! आजूबाजूला गोंगाट वाढला की डबा आपला आवाज त्याच्या वर चढवील. पोर गप्प बसलं तर पुन्हा विचारील. आणि मुलं डबा बंद करून खेळायला पळतील, म्हणून बंद करायचं बटण ठेवायचंच नाही! बरोबर उत्तर आलं की डबा आपोआप थांबेल.

"वा!" साहेब म्हणाले. "आणि आवाज कुणाचा?"

इथे मोजपट्टी जराशी हसली. कारण आवाज तिने हेरून ठेवला होता.

नोकरीसाठी ती राहायची आपल्या आत्याकडे, गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. आत्याने जन्मभर तिथल्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला होता. गल्लीतलं जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस तिच्या हाताखालून गेलेलं; सगळ्यांच्या त्या 'बाई'. निवृत्त झाल्यापासून घर एकदम गप्प झालं होतं. जुने विद्यार्थी येतील म्हणून बाहेरच्या खोलीत आत्याने जादा खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. दाराशी पावलं वाजली की ती उठायची. पावलं पुढे निघून गेली की खुर्च्यांवरची धूळ झटकायलाच उठले होते असं दाखवायची.

"येतील गं," ती म्हणायची. "माग सोडून कसे येणार बिचारे? पण जीव आहे हो त्यांचा माझ्यावर!"

मोजपट्टीला त्या खुर्च्या बघवत नसत. आत्याला तिचा वर्ग परत द्यायचा, हे तिने मनाशी ठरवलं होतं. संस्थेला स्थानिक आवाज हवा होता, आत्याला विद्यार्थी हवे होते. गणित इतकं सरळ सुटत असताना कुणाला संशय येईल?

आवाज घुमू नये म्हणून स्वयंपाकघरात चारी बाजूंनी चादरी टांगल्या. आत्या इस्त्रीचे कपडे घालून, पाठ ताठ करून बसली आणि तिने सुरुवात केली.

"सात आणि आठ किती? गप्प का? तोंड उघड! पुन्हा सांग. मान वर! माझ्याकडे बघ!"

चादरीमागे मोजपट्टी नकळत ताठ उभी राहिली. पण तिने लिहिलं: 'उच्चार अत्यंत स्वच्छ.'

"जमलं का गं?" आत्याने विचारलं. डोळे लकाकत होते.

"आत्या, एक अक्षर बदलायला नको!"

पहिला डबा गेला गल्लीतल्या पहिल्या घरात. तिथली मागवाली एका हाताने माग थांबवत, दुसऱ्याने लेकीला पुढे ढकलत कौतुकाने येऊन उभी राहिली. मोजपट्टीने सुरू करायची कळ दाबली.

"मान वर! माझ्याकडे बघ!" डबा कडाडला.

लेक डब्याच्या भोकांकडे बघत राहिली. आई मात्र भिंतीला टेकली होती ती ताडकन सरळ झाली, पदर सावरला आणि पुटपुटली, "आले बाई, आले!"

"सात आणि आठ किती?"

"पंधरा!" लेकीच्या आधी आईच ओरडली. डबा थांबला. मागवालीने कपाळ पुसलं.

'पालकांचा सहभाग: उत्तम', मोजपट्टीने टिपून घेतलं.

कॉलेजात तिच्या डोक्यात एक नियम पक्का बसवला होता. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट तपासायची! म्हणून ती एका वेळी एकाच घरात डबा लावायची, निरीक्षण करायची, काढून घ्यायची आणि मग पुढच्या घरी. शिस्त म्हणजे शिस्त. सगळीकडे निष्कर्ष झकास! कुणी डब्याला खाली ठेवत नव्हतं, उंच फळीवर मान मिळत होता. कुणी जेवताना त्याच्यावर टॉवेल टाकत होतं. मोजपट्टीला वाटलं, धुळीपासून जपतात. रंगारी तर डबा सुरू करण्याआधी सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावायचा आणि केस विंचरायचा. हा रंगारी म्हणजे दाराच्या चौकटीएवढा माणूस, मिशा झाडूसारख्या, आवाज ढोलासारखा.

"ताई," त्याने एकदा हळूच विचारलं, "हा डबा... ऐकतो का?"

"ऐकतो म्हणजे काय! तीच तर त्याची खुबी आहे!"

"सगळं?"

"सगळं! भिंतीपलीकडचंसुद्धा!"

रंगाऱ्याचा चेहरा न रंगवलेल्या सुतासारखा झाला. त्या दिवसापासून त्या घरात नवराबायकोची भांडणं खुणांनी होऊ लागली. मोजपट्टीने लिहिलं: 'घरातील वातावरण शांत, अभ्यासाला पोषक.'

आणि हे सगळं ती संध्याकाळी आत्याला चहाबरोबर सांगायची. आत्या ऐकता ऐकता फुलत जायची.

"केस विंचरून बसतो? तो दांडगोबा? बघ! मी म्हणत नव्हते, जीव आहे त्यांचा!" मग जराशी थांबून, "मला एकदा नेशील का गं गल्लीत? लांबून बघेन. मुलं कशी उत्तरं देतात ते."

मोजपट्टी म्हणाली, "साहेब येणार आहेत सगळे डबे बघायला. त्याच दिवशी चल!"

पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, हे वाक्य तेवढं आपण गिळायला हवं होतं.

तो दिवस उजाडला. साहेब नवा कडक शर्ट घालून गल्लीच्या तोंडाशी उभे. घरोघर एकेक डबा, पहिल्यांदाच सगळे एकदम! आत्या सावकाश मागून येत होती. मोजपट्टीने हात वर केला, माग सुरू झाले, डबे सुरू झाले. पोरं कांड्या भरत होती, डबे विचारत होते, उत्तरं येत होती. साहेब खूश!

"मॅडम, हे तर आपण सगळीकडे नेऊ!"

नेमकी तेवढ्यात वीज गेली. सगळे माग एका दमात थांबले. डबे मात्र सेलवर चालणारे; ते सुरूच राहिले.

आता नियमाप्रमाणे काय व्हायला हवं? गोंगाट संपला, डब्यांनी आवाज खाली आणायचा. पण गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली, भिंती विटेच्या नावाला. पहिल्या घरातल्या डब्याला दुसऱ्या घरातला डबा ऐकू आला. त्याला वाटलं, केवढा हा गोंगाट! त्याने आवाज चढवला. दुसऱ्याने तो ऐकला आणि आपला त्याच्या वर नेला. तिसरा काय गप्प बसतो? बघता बघता अख्खी गल्ली एका आवाजात गर्जू लागली.

"गप्प का? तोंड उघड!"

"गप्प का? तोंड उघड!"

"मान वर! माझ्याकडे बघ!"

"पंधरा!" पोरं ओरडली. पण त्या गदारोळात डब्यांना पंधरा ऐकू येईना. "पुन्हा सांग!" मग बाया ओरडल्या, पुरुष ओरडले, ज्यांची पोरं बाईंकडे शिकली ते एक म्हातारे आजोबा खाटेवरून ओरडले, "पंधरा! बाई, पंधरा!" जितकं माणसं ओरडावीत तितका डब्यांना गोंगाट जास्त, तितका बाईंचा आवाज वर! छपराचे पत्रे थरथरू लागले. एक मांजर गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पळालं, तिथेही बाईच भेटल्या, म्हणून परत आलं.

"बंद करा!" साहेब कानांत बोटं घालून किंचाळले.

"बटण नाही!"

"का नाही?"

"मुलं बंद करतील म्हणून!"

आणि मग तिने पाहिलं. माणसं घराबाहेर आली होती. बाप्ये, बाया, नुकती लग्नं झालेल्या पोरी, टक्कल पडलेले कारागीर. सगळे आपापल्या उंबऱ्याबाहेर एका ओळीत उभे. माना खाली, हाताची घडी. कुणी सांगितलं नव्हतं. पायांनाच आठवलं होतं.

रंगाऱ्याचा धीर मात्र सुटला. त्याने आपला डबा उचलला, अंगणातल्या निळ्या रंगाच्या पिंपापाशी पळत गेला आणि डबा धप्पकन आत टाकला! आतूनही बाई बोलत राहिल्या, "गुडगुड का? गुडगुड उघड!" त्याने दोन्ही हातांनी डबा खाली दाबून धरला.

"पुरे आता बाई, पुरे!" तो पिंपाला सांगत होता. हनुवटीवरून घाम, डोळ्यांत पाणी. "पहिलीत असताना रोज सकाळी माझ्या पोटात दुखायचं! शाळेची वाट आली की दुखायचं! आज पोरं झाली मला, तरी तुमचं घर लागू नये म्हणून बाजाराला लांबच्या रस्त्याने जातो! आता तरी सोडा!"

पिंपातून शेवटचा बुडबुडा आला. रंगाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, वळला, आणि त्याच्यासमोर आत्या उभी होती.

त्या चौकटीएवढ्या माणसाने क्षणात पाय जुळवले, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. बोट निळं होतं. ओठांवर, मिशीवर निळा डाग उमटला. मागे गल्लीभर आत्याचाच आवाज कोसळत होता, आणि आत्या स्वतः मात्र इतकी गप्प होती की तिच्याकडे बघवेना.

"हात खाली घे रे," ती शेवटी म्हणाली. "रंग पोटात जाईल."

मोजपट्टी स्क्रू काढायचं हत्यार घेऊन घरोघर धावली. पोरांनी उघडू नये म्हणून झाकणं तिनेच गच्च बसवली होती. एकेक डब्याचे सेल उपटत, एकेक बाई गप्प करत ती गल्लीच्या टोकाला पोचली तेव्हा आत्या निघून गेली होती.

घरी आत्या एका जादा खुर्चीवर बसली होती. दिवा लावला नव्हता.

"मी अशी बोलते?" तिने विचारलं.

आता इथे माणसाने काय बोलावं? नाही गं आत्या, डबाच बिघडला, लोक काय वाट्टेल ते बोलतात. काहीही चाललं असतं! पण मोजपट्टी पडली अचूक माणूस.

"मी आवाजात काही फेरफार केला नव्हता," ती म्हणाली. "फक्त मोठा केला."

आत्याने मान हलवली. "मला वाटायचं वर्ग शांत आहे, म्हणजे मुलं रमलीत." मग उठून ती खुर्च्यांवरची धूळ झटकू लागली. दाराशी पावलं वाजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा निर्णय आला. "डबा कामाचा आहे. बाई बदला!"

मोजपट्टीने डबा सुधारला. बंद करायचं बटण बसवलं. सगळे डबे एकदम लावून पाहिले. आवाजाला वरची मर्यादा घातली. बाई बदलण्याचं तेवढं तिच्या जिभेवर येईना. रोज घरी ठरवून जायची की आज सांगायचं, आणि चहा पिऊन गप्प बसायची. एके दिवशी जाते तर स्वयंपाकघरात चादरी टांगलेल्या! आत्या आधीच बसलेली.

"मी गोड बोलून बघते," ती म्हणाली. "जमेल मला. आयुष्यात प्रयत्नच केला नव्हता, एवढंच."

आणि ती बोलली. "सात आणि आठ किती रे, राजा? सावकाश सांग हं. येत नसेल तर राहू दे. मी आहे ना!"

आवाज थोडा थरथरत होता. मोजपट्टीने तो तसाच ठेवला. साहेबांना ती म्हणाली, आवाज बदललाय. ते खोटं नव्हतं.

नवे डबे गल्लीत गेले आणि गल्लीला घाम फुटला!

"येत नसेल तर राहू दे, म्हणाल्या?" मागवाली पांढरीफटक पडली. "बाई? राहू दे?"

"राजा म्हणाल्या," रंगारी घोगऱ्या आवाजात बोलला. "मला पहिलीत 'ए ठोंब्या' म्हणायच्या. आणि आता राजा! आवाज ऐकलात? कापतोय!"

"शेवटचं दिसतंय," खाटेवरचे आजोबा म्हणाले.

मुलांचं तर काय विचारावं! 'येत नसेल तर राहू दे' हे वाक्य त्यांना पहिल्या फटक्यात पाठ झालं. प्रश्न आला की एका सुरात, "राहू दे!" बरोबर उत्तरांचा मोजपट्टीचा आलेख जिन्यावरून गडगडलेल्या चेंडूसारखा खाली आला.

पण त्या रविवारी आत्याच्या दाराशी पावलं वाजली आणि पुढे गेली नाहीत. दार उघडते तर अख्खी गल्ली! हातात फळं, अंगावर धुतलेले कपडे, चेहरे उतरलेले. जादा खुर्च्या पुरेनात. काही जण जमिनीवर बसले. आत्याला काय करू आणि काय नको असं झालं. चहा काय, बिस्किटं काय! प्रत्येकाला तिने त्याचा पहिलीतला बाक सांगितला. मोजपट्टी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. आत्या इतकी हसलेली तिने कधी पाहिली नव्हती.

"मला ठाऊक होतं," आत्या हळूच तिच्या कानाशी म्हणाली. "आवाज गोड केला आणि आले बघ!"

तेवढ्यात रंगाऱ्याने घसा साफ केला. मिशीच्या टोकाला अजून निळी झाक होती.

"बाई... डॉक्टर काय म्हणतात?"

"कुठला डॉक्टर?"

"म्हणजे... किती दिवस..."

आत्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. फळांकडे पाहिलं. तिला कळलं. मोजपट्टीने डोळे मिटून घेतले.

"मला काय धाड भरलीय, ठोंब्या?" आत्या कडाडली.

आणि काय सांगावं! सगळ्यांच्या चेहऱ्यावर जीव आला! रंगारी तर मोठ्याने हसला, मागवालीने डोळे पुसले, आजोबा म्हणाले, "ठणठणीत आहेत, ठणठणीत!" एकमेकांना टाळ्या देत, आणखी एकेक बिस्किट उचलून, हाताची घडी न घालता मंडळी निवांत घरी गेली. फळं तेवढी राहिली.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाई धडधाकट आहेत म्हटल्यावर यायचं कशाला?

साहेबांनी मुलांचे निकाल पाहिले आणि तिसरं रेकॉर्डिंग करायला सांगितलं. जरबही नको, लाडही नको, मधलं काहीतरी. पुन्हा चादरी टांगल्या. आत्या बसली. छान बोलत होती, अगदी मधलं, जसं हवं होतं तसं. धडा संपत आला आणि ती खोकली. चांगली दोनदा.

मोजपट्टीने यंत्र थांबवलं. "पाणी देऊ का? तेवढा तुकडा कापून टाकते मी."

आत्याने चादरीकडे बघत पदराचं टोक सारखं केलं.

"राहू दे गं तो," ती म्हणाली. "आणि जमलं तर जरासा मोठा कर."